गुडघाभर पाण्याची पत्रं

३ फेब्रुवारी

धाकट्या,

कागद साधा आहे, एवढं पाहून तरी पुढे वाच. लेटरहेडवर छापलेली नववर्षाची शुभेच्छापत्रं तू पाकीट न उघडता परत पाठवतोस, हे मला माझ्या चिटणिसानं नुकतंच सांगितलं. तोवर तो बिचारा परत आलेली पाकिटं खालच्या कप्प्यात कोंबत होता. मतदारसंघात एवढ्या निष्ठेनं मला नाकारणारा दुसरा माणूस नाही, आणि तू तर माझा मतदारही राहिलेला नाहीस.

अकरा वर्षांनी स्वतःच्या हातानं लिहिते आहे म्हणजे काहीतरी काम असणार, हे तू ओळखलंच असशील. काम आहे. तब्येत कशी आहे वगैरे विचारत नाही, ती आईकडून कळते. रविवारी तुमचं फोनवर बोलणं होतं आणि सोमवारी मी गेले की त्यातलं मला सांगण्यासारखं तेवढं ती सांगते. तुझी पाठ दुखते आणि धरणावरच्या क्वार्टरचं छत गळतं, एवढं समजलं आहे.

तू धक्क्यावर नोकरीला होतास तेव्हा रोजच्या भरतीची उंची मापपट्टीवर बघून सरकारी वहीत लिहायचास आणि घरी आल्यावर तीच पुन्हा स्वतःच्या वहीत उतरवायचास. वर दर महिन्याच्या शेवटी बंदर अधिकाऱ्याच्या मागे लागून त्या खासगी वहीवरही त्याची सही घ्यायचास. मी तुला तेव्हा खूप हसले आहे. त्या वह्या अजून असतील तर मला हव्या आहेत. एका सरकारी कामासाठी जुन्या नोंदी लागताहेत आणि कार्यालयातल्या वह्यांचं काही खरं नाही. दमट हवा, वाळवी, तुला माहीतच आहे.

चिटणीस स्वतः येऊन घेऊन जाईल. सगळ्या जपून परत करीन.

ताई


२६ फेब्रुवारी

धाकट्या,

चौदा तासांचा प्रवास करून गेलेला माझा माणूस तू चहा पाजून, जेवू घालून, धरण दाखवून रिकाम्या हातानं परत पाठवलास. वर तो तुझं कौतुक करत आला. "काय शांत माणूस आहे हो ताई! तुमचे सख्खे भाऊ ना?" असं विचारलं त्यानं मला. वीस वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून वाचला.

तुझा निरोप पोचला. 'खरं कारण लिही.' ठीक आहे, लिहिते.

मागच्या वर्षी सर्वेक्षण विभागानं किनाऱ्याचा नवा नकाशा करायला घेतला. आपल्याकडे एक बाई आल्या, तिशीच्या आतल्या, पायात गमबूट, खांद्यावर तिपाई. वस्ती त्यांना नकाशावाल्या बाई म्हणते. मोठ्या भरतीत पाणी कुठवर येतं ते बघून नकाशावर एक धोक्याची रेघ ओढायची, हे त्यांचं काम. रेघेच्या समुद्राकडच्या घरांना यापुढे साधी कौलं बदलायचीही परवानगी नाही आणि दोन वर्षांत ती घरं रिकामी करायची. माणसांना टेकडीमागच्या नव्या वसाहतीत घरं देणार. बारा किलोमीटर आत. बोटी इथे आणि बोटींची माणसं तिथे.

बाई आल्या त्या दिवशी मी राजधानीत होते. वस्तीतल्या लोकांना वाटलं, नेहमीची पाहणी आहे आणि पाठोपाठ छपराचे पत्रे येणार. तुझा वर्गमित्र भोंगा आता बोटमालक संघाचा अध्यक्ष आहे आणि आवाज होता तसाच आहे. बाईंनी त्याला विचारलं, "पाणी कुठपर्यंत येतं?"

"साधं का मोठं, मॅडम?"

"मोठं."

भोंग्यानं आपल्या भिंतीवर मांडीच्या उंचीला हात लावला. त्याच्या बायकोनं तो हात धरून वर सरकवला. "अहो, गेल्या खेपेला इथे होतं. विसरलात?" शेजारचा म्हणाला, यांच्याकडे कमरेला तर माझ्याकडे छातीला, माझं घर खालच्या अंगाला आहे. कुणालाच कमी पाणी नको होतं. बाई फोटो काढत गेल्या, मोजत गेल्या आणि सगळ्यांचे आभार मानून गेल्या.

शेहेचाळीस घरांत एकट्या आपल्या आईनं 'आमच्याकडे काही पाणीबिणी येत नाही' म्हणून दार लावून घेतलं. तिच्या नावापुढे शेरा आहे: 'वय जास्त, आठवण कमी.' तो वाचून मला हसू आलं होतं.

महिनाभरापूर्वी नकाशा लागला. रेघ शाळेच्या मागून गेली आहे. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस घरं आत. एप्रिलमध्ये हरकतींची सुनावणी आहे आणि हरकतीला पुरावा हवा. तुझ्या वह्यांखेरीज दुसरा पुरावा नाही.

हे खरं कारण. आता वह्या पाठव.

ताई


१५ मार्च

धाकट्या,

आईकडून निरोप आला. 'अर्धंच लिहिलंय.' तुमच्या रविवारच्या फोनला मध्ये बसवून मला शाळेतल्यासारखं उभं करायचं ठरवलेलं दिसतंय.

बरं. उरलेलं अर्धं तुला माहीत आहे, पण ते माझ्या अक्षरात तुला हवं आहे.

मी पहिल्यांदा निवडून आले त्या वर्षीच वादळ झालं. एकोणीस घरांचे पत्रे उडाले, भोंग्याच्या वडिलांची बोट धक्क्यावर आपटून दुभंगली. पाहणीला अधिकारी आला. त्याच्या फॉर्ममध्ये एकच रकाना होता: 'घरात शिरलेल्या पाण्याची उंची.' गुडघ्याच्या वर असेल तर मदत, नाहीतर नाही. मी त्याला म्हटलं, साहेब, इथे पाणी नाही शिरलं, वारा शिरला. तो म्हणाला, "मॅडम, वाऱ्याला रकाना नाही." माणूस वाईट नव्हता. त्याला खरोखरच वाईट वाटत होतं. तो फॉर्म कोरा घेऊन गेला आणि त्या वर्षी लोकांनी ताडपत्रीखाली दिवस काढले. भोंग्याची धाकटी बहीण तेव्हाच तापानं गेली. तू तिच्या अंत्यविधीला होतास.

पुढच्या वादळाला मी शहाणी झाले. पाहणीच्या आदल्या दिवशी वस्तीत गेले आणि बायकांना सांगितलं, समुद्राचं पाणी बादल्यांनी आणा, भिंती गुडघ्यापर्यंत भिजवा, त्यावर चिखलाची रेघ ओढा, कोपऱ्यात थोडं शेवाळ टाका. ओल वाळली तरी मिठाचा पांढरा डाग राहतो, हे मला भोंग्याच्या आईनं शिकवलं. मी वर पत्र दिलं: 'सदर वस्तीत समुद्राचे पाणी गुडघाभर शिरले असून रहिवाशांचे अतोनात नुकसान झाले आहे.' आठ दिवसांत पत्रे आले. लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

मग ती कामाची पद्धतच झाली. एकोणीस वर्षांत अशी सतरा पत्रं मी दिली. वारा आला की आम्ही त्याचं पाणी करायचो. इंजिनांची दुरुस्ती, जाळी, धक्क्याचा वाढीव भाग, शाळेच्या दोन खोल्या, सगळं त्या पाण्यातून आलं. पुढे पुढे मी सांगायचीही गरज उरली नाही, रेघा आपोआप ओढल्या जायच्या आणि दर खेपेला बोटभर वर सरकायच्या. आताच्या तरुण पोरांना तर वाटतं की पाणी खरंच येतं. त्यांनी लहानपणापासून भिंतीवर रेघच बघितली आहे.

आणि तू धक्क्यावर बसून खरे आकडे लिहीत होतास. तुझी वही कुणी उघडून बघत नव्हतं तोवर मला तुझी अडचण नव्हती. अकरा वर्षांपूर्वी वरून तपासणी येणार म्हणून कळलं. मी तुझ्याकडे आले आणि म्हटलं, या महिन्याचे आकडे दोन फूट वाढव. तू नाही म्हणालास. मी म्हटलं, शेहेचाळीस घरांपेक्षा तुझी पट्टी मोठी आहे का? तू काहीतरी सांगत होतास, पण मी ऐकत नव्हते. पंधरा दिवसांत तुझी बदली झाली. भरती-ओहोटीच्या माणसाला मी धरणावर पाठवला, जिथे पाणी वर्षातून एकदा चढतं आणि एकदा उतरतं. तो विनोद तेव्हा मला सुचला नव्हता. आता सुचतो तेव्हा हसू येत नाही.

सरकारी वह्यांना वाळवी लागली नाही. तपासणीच्या आधी त्या मी 'बांधणीसाठी' मागवून घेतल्या आणि रद्दीत घातल्या. चिटणिसालाही हे माहीत नाही. तुला सांगते आहे.

यापलीकडे माझ्याकडे लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही. पाठवायच्या तर पाठव.

ताई


२ एप्रिल

धाकट्या,

पार्सल मिळालं. नऊ वह्या, वर मेणकापड, त्यावर सुतळी, सुतळीला तुझी ती नेहमीची चपटी गाठ. चिठ्ठी मात्र नाही. मी कागद झटकून, वह्या उलट्या धरून पाहिल्या.

पहिल्या सहा वह्या मी दोन दिवसांत वाचून काढल्या. अक्षर बघून वाटलं, हा माणूस कंटाळत कसा नाही? तारीख, वेळ, फूट, इंच, शेरा. 'पाणी बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीशी थांबले.' 'पाणी रस्त्याच्या अलीकडे चार पावले.' पाच हजार वेळा समुद्र आला आणि पाच हजार वेळा तू उठून बघायला गेलास. मी ज्या ज्या दिवशी पत्र दिलं ती तारीख काढून बघितली. सतरापैकी अकरा तारखा या वह्यांत सापडल्या, बाकीची पत्रं नंतरची. अकरापैकी नऊ वेळा पाण्यानं रस्ताही ओलांडला नव्हता. बाकीच्या दोन वेळा रस्ता घोटाभर. घरात कुठेच नाही.

म्हणजे हरकत जिंकता येईल. पण तुझ्या वह्या टेबलावर ठेवल्या की बाई माझी पत्रं समोर ठेवणार, हे उघड आहे. त्यांच्या नकाशाच्या फाइलमध्ये ती आहेतच. मी काल आमच्या वकिलांशी बोलले. ते म्हणाले, यात अवघड काही नाही. म्हणायचं, 'पत्रातील माहिती रहिवाशांनी दिली होती आणि लोकप्रतिनिधी या नात्याने मी ती जशीच्या तशी पुढे पाठवली.' लोक गरीब आहेत, त्यांना कोण काय करणार? घरं वाचतील आणि मीही वाचेन.

वाक्य चांगलं आहे. मी ते पाठ करते आहे. तुला आवडणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं.

उरलेल्या तीन वह्या चाळल्या नाहीत. कामाची पानं मिळाली आहेत.

ताई


१९ एप्रिल

धाकट्या,

सुनावणी परवा झाली. तुला कुठून ना कुठून कळेलच, पण माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

जिल्हा कार्यालयाचा वरचा हॉल. प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन पंखे, त्यातला एक बंद. अख्खी वस्ती बोटी बांधून आली होती. आई शेवटच्या रांगेत भोंग्याच्या बायकोशेजारी बसली होती. समोर तिघांची समिती आणि बाजूला नकाशावाल्या बाई. आज गमबूट नव्हते, त्यामुळे मी त्यांना आधी ओळखलंच नाही.

वह्या आम्ही आठवडाभर आधीच दाखल केल्या होत्या, वकील आणि मी पंधरा मिनिटं त्यावर बोललो. सह्या तपासल्या गेल्या. समितीचे अध्यक्ष मान हलवत होते. भोंगा तर आताच जिंकल्यासारखा मागे वळून लोकांकडे बघत होता.

मग बाईंनी माझ्या पत्रांची फाइल काढली नाही. त्यांनी तुझी नववी वही काढली. तुला सांगते धाकट्या, मी आयुष्यभर कागद असेच वाचले, आपल्या कामाचं पान कुठलं एवढंच बघत. त्या बाईंनी एका दुपारी बसून सगळ्या वह्या शेवटपर्यंत वाचल्या होत्या.

त्या म्हणाल्या, "ही वही लिहिणाऱ्याची अकरा वर्षांपूर्वी बदली झाली. पण नोंदी थांबलेल्या नाहीत. वर्षातून तीन-चार आहेत, सगळ्या सर्वांत मोठ्या भरतीच्या दिवसाच्या." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. 'घरून कळवले. स्वयंपाकघरात एक बोट पाणी.' 'घरून कळवले. दोन बोटे, पाऊण तास.' 'घरून कळवले. चार बोटे. चूल विटांवर घेतली.' त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "घरून म्हणजे कुणाच्या घरून?"

मी म्हणणारच होते की चौकशी करून कळवते. मागून आई म्हणाली, "माझ्या."

ती उभी राहिली. भोंग्याच्या बायकोनं तिचा दंड धरला होता. बाईंनी आपल्या कागदात बघितलं. "आजी, तुम्ही तर मला सांगितलं होतं की पाणी येत नाही."

"सांगितलं होतं."

"मग येतं की नाही?"

"येतं. अकरा वर्षं येतंय. खालच्या पाचही घरांत येतं. येतं आणि जातं, आम्ही पुसून काढतो."

"पण मग कळवलं का नाही कधी? तुमची तर मुलगीच लोकप्रतिनिधी आहे."

आई माझ्याकडे बघून बोलली, बाईंकडे नाही. "हिला सांगितलं असतं तर हिनं पत्र लिहिलं असतं. मग शेहेचाळीस घरांत पाणी शिरलं असतं, आणि माझं खरं पाणी त्यात कुणाला दिसलं असतं? धाकट्याला सांगत होते. तो आहे तेवढंच लिहितो."

लोक हसले. खालच्या पाच घरांतल्या बायका मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांना सगळ्यांना माहीत होतं. आईनं दटावून ठेवलं होतं म्हणून त्या इतकी वर्षं मूग गिळून होत्या. मी दर सोमवारी तिथे जाते, धाकट्या. त्या विटा मी बघितल्या आहेत. मला वाटलं, तिला आता वाकवत नाही म्हणून चूल उंच केली. मी चिटणिसाला सांगून तिला ओटा बांधून देणार होते. आणि वर्षातून तीन-चार वेळा तिचा फोन यायचा, 'आज येऊ नकोस गं, मला जरा पडायचंय.' मी म्हणायचे, बरं झालं, तेवढीच एक बैठक उरकता येईल.

मग बाईंनी माझी फाइल काढली आणि विचारलं, "ताई, या सतरा पत्रांचं काय?"

वाक्य पाठ होतं. 'माहिती रहिवाशांनी दिली होती.' तोंडही उघडलं होतं. समोर भोंगा हात बांधून उभा होता आणि त्याला ते वाक्य माहीत नव्हतं. तो माझ्याकडे नेहमीच्या भरवशानं बघत होता, आता ताई काहीतरी काढणार म्हणून.

मी म्हटलं, "पत्रं खोटी आहेत. लोकांनी मला काही सांगितलं नव्हतं, मीच लोकांना शिकवलं होतं. भिंती कशा भिजवायच्या ते मी सांगितलं. लिहून घ्या."

अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. कुणीतरी बंद पंख्याचं बटण उगाच दाबून बघितलं. लिहून घेणाऱ्यानं मला विचारलं, 'शिकवलं होतं' घालू की 'मार्गदर्शन केले होते'? मी म्हटलं, शिकवलं होतं घाला.

खाली जिन्यात भोंगा भेटला. त्याचा आवाज इतका लहान झालेला मी पहिल्यांदा ऐकला. "ताई, घर वाचेल बहुतेक. पण पोरगा विचारतोय, बाबा, पाणी कधीच आलं नव्हतं का? त्याला काय सांगू?"

"सांग, ताईनं शिकवलं होतं."

"ते तर सांगणारच आहे," तो म्हणाला आणि निघून गेला.

आई माझ्या गाडीत बसली नाही. वस्तीच्या टेम्पोतून गेली.

ताई


६ मे

धाकट्या,

नकाशा बदलला. रेघ आता खालच्या पाच घरांच्या मागून गेली आहे. एक्केचाळीस घरं बाहेर, पाच आत. पहिलं घर आपलं.

तुझ्या वहीनं एक्केचाळीस घरं वाचवली आणि तुझ्याच वहीनं आईचं घर घेतलं. तुला हे वह्या पाठवताना माहीत होतं. म्हणूनच चिठ्ठी नव्हती, असं मला वाटतं. आणि अकरा वर्षांपूर्वी धक्क्यावर तू जे सांगत होतास ते काय होतं, तेही आता समजलं. त्या महिन्यातलं पान मी शेवटी उघडलं. 'पाणी पहिल्यांदाच आमच्या उंबऱ्याशी. समुद्र वाढतो आहे.' मी तुला दोन फूट वाढवायला सांगत होते आणि तू मला दोन इंच खरोखरच वाढल्याचं सांगत होतास. तेव्हा ऐकलं असतं तर त्या पाच घरांसाठी दहा वर्षं हातात होती. वस्तीच्या वरच्या अंगाला जागा मिळाली असती, समुद्र दिसेल अशी. आता टेकडीमागेच जावं लागेल. सतरा खोटी पत्रं देणाऱ्या बाईनं अठरावं खरं दिलं तरी ते कुणी वाचत नाही. मी देऊन बघितलं.

माझ्याबद्दल थोडं. पत्रांची चौकशी लागली आहे. पक्षानं सुचवलं की प्रकृतीच्या कारणास्तव मी या खेपेला उभी राहू नये. मी म्हटलं, प्रकृती उत्तम आहे, दुसरं कारण लिहा. त्यांनी कारणच लिहिलं नाही. जाता जाता सभागृहात एक मागणी मांडली की पाहणीच्या फॉर्ममध्ये वाऱ्याचा रकाना असावा. मंत्री म्हणाले, विचाराधीन आहे. हे मला पहिल्याच वर्षी का सुचलं नाही, असं चिटणिसानं विचारलं. त्याला आता काहीही विचारायची हिंमत येते. मी त्याला म्हटलं, रकाना मागायला वर्षं लागतात आणि रेघ ओढायला बादलीभर पाणी. उत्तर खरं आहे, पण ते देताना मला स्वतःचीच लाज वाटली.

काल वर्षातली मोठी भरती होती, दुपारी बारानंतर. आईनं सकाळी फोन केला नाही, तरी मी गेले. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले. आई तिच्या कामात होती. तिनं पीठ, डाळ, काडेपेटी वर ठेवली, सतरंजी गुंडाळून खुंटीला अडकवली, सगळं कसं हात सवयीनं आपोआप करत होते. पाणी लाटेसारखं येत नाही, हे मला माहीत नव्हतं. ते मोरीच्या भोकातून वर येतं, आधी एक ओला गोल दिसतो, मग तो पसरतो. मी पाय वर घ्यायला लागले तर आई म्हणाली, "असू दे, भिजत असतात." मी पाय खाली सोडले. पाणी गार होतं आणि घोट्यापर्यंत आलं. मला रडू आलं. मी एवढी वर्षं त्या पाण्याच्या नावावर निवडून येत होते आणि ते बघितलं काल.

उतरल्यावर आम्ही दोघींनी पुसून काढलं. तेव्हा मी तिला म्हटलं, माझ्याकडे चल. वर राहू आपण, तिसरा मजला, लिफ्ट आहे. ती फडकं पिळत म्हणाली, "तुझ्याकडे सगळं कोरडं आहे गं. मी धाकट्याकडे जाते." आणि मग थोड्या वेळानं, "तू पोचवायला येशील ना?"

माझं चुकलं, धाकट्या. हे सुनावणीत म्हणून झालं, सभागृहातही जवळजवळ म्हणून झालं. ज्याला म्हणायचं होतं त्याला म्हणायचं राहिलं होतं.

आम्ही शुक्रवारच्या गाडीनं निघतो आहोत. शनिवारी सकाळी साडेनऊला तुझ्या स्टेशनावर पोचू. गाडी तिथे दोनच मिनिटं थांबते, तेव्हा आईला उतरवून घ्यायला डब्याशी उभा राहा. तिच्याबरोबर दोन पेट्या आहेत, एक गादी आहे आणि मी आहे. पेट्या आणि गादी उतरवून घेच. मला उतरवून घ्यायचं की तसंच पुढे जाऊ द्यायचं, ते त्या दोन मिनिटांत तू ठरव.

ताई